वाचकांचे प्रश्न : नागरिकशास्त्राच्या ट्रेनिंगला पैसे देणार कोण?

प्रश्न : ताई नमस्कार. भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत मी समाजशास्त्र शिकवतो. आमच्या आणि आजूबाजूच्या १५ शाळांमधल्या ३० शिक्षकांसाठी नागरिकशास्त्र कसं शिकवायचं याचं चार दिवसांचं ट्रेनिंग घ्यायचा विचार आहे. संस्थेच्या सेक्रेटरींनी ५ लाखांचं बजेट काढलंय. अल्पसंख्याक मुलांसाठी आहे म्हटल्यावर सरकारी ग्रँट नक्की मिळेल असं सगळे म्हणतात, पण तीन महिने झाले, नुसत्या चकरा चालू आहेत. कुठे अर्ज करू?
— एक शिक्षक, भिवंडी

उत्तर : सर, आधी ते "नक्की मिळेल"वालं काढून टाकू डोक्यातून. अल्पसंख्याक नावाने योजना आहेत, नाहीत असं नाही, पण त्यातल्या कुठल्या पैशात काय बसतं ते कुणी नीट वाचतच नाही आणि मग चकरा होतात. राज्याची अल्पसंख्याक-बहुल शाळांसाठीची जी योजना आहे, ज्यात ७० टक्के मुलं अल्पसंख्याक असावी लागतात, त्यात आता १० लाखांपर्यंत मिळतात, पण ते खोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, कॉम्प्युटर असल्या गोष्टींना. ट्रेनिंगला नाही. डॉ. झाकीर हुसैन योजनेत ऑक्टोबर २०२४ मध्ये डीएडवाल्यांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बीएडवाल्यांचं ८ वरून १८ हजार करायचा निर्णय झाला, त्याची बातमी तुमच्या ग्रुपवर फिरली असणार, पण ते मदरशातल्या शिक्षकांचं मानधन आहे. केंद्राची मदरसे आणि अल्पसंख्याक शाळांची जी एकत्र योजना होती ती मंजूरच ३१ मार्च २०२२ पर्यंत होती, आणि अल्पसंख्याकांच्या शिक्षणाला मदत करणारं केंद्राचं मौलाना आझाद फाउंडेशन तर फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद करायचा आदेश निघाला. म्हणजे ज्या दारात तुम्ही उभे आहात ना, त्यातली निम्मी दारं भिंतीवर रंगवलेली आहेत.

मग उरतं काय? एक म्हणजे डायट, जिल्ह्याची सरकारी शिक्षक-प्रशिक्षण संस्था. तिथून पैसे येतील असं नाही, पण माणसं येतात, हॉल मिळू शकतो, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना ऑन ड्युटी सोडायचं पत्र काढायला शिक्षणाधिकाऱ्यांना सोपं जातं. नवीन शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय, त्याचा उल्लेख पत्रात जरूर करा, अधिकाऱ्यांना तो आकडा पाठ असतो. दुसरं म्हणजे सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने नफ्यातून समाजकामाला द्यायचे पैसे, आणि खरे पैसे तिथेच आहेत. नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी कंपनीला लागू झालं तरी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चायचे असतात आणि शिक्षण त्या यादीत आहेच. तुमच्याकडे गोदामांची काय कमी आहे का! पण गोदामाच्या मॅनेजरकडे जाऊन उपयोग नाही, त्याच्या हातात डायरी-कॅलेंडर सोडून काही नसतं. हेड ऑफिसात सीएसआर बघणारं माणूस शोधा. आणि संस्थेचं १२-ए, ८०-जी (ही आयकर सवलतीची), सीएसआर-१ फॉर्मचा नंबर (सीएसआरचे पैसे घ्यायची नोंदणी), दर्पण नोंदणी (सरकारच्या एनजीओ पोर्टलवरची), तीन वर्षांचे ऑडिट, हे सगळं एका फाईलीत आधीच लावून ठेवा, कारण कंपनी हो म्हणते ती फेब्रुवारीत आणि पैसे मार्चच्या आत संपवायचे असतात, तेव्हा सीए गावाला गेलेला असतो. (आमचा गेला होता.)

आता तुमचं बजेट. ५ लाख कशाला हवेत सर? तुम्ही जोडलेला कागद पाहिला, त्यात बॅगा, टी-शर्ट, बॅनर, एसी हॉल, उद्घाटनाचे हारतुरे. मी तुमच्याच आकड्यांवर बसून हिशोब केला. चार दिवस, ३० शिक्षक अधिक ट्रेनर, शिपाई, तुम्ही स्वतः धरून ३५ माणसं, चहा-नाश्ता-जेवण २२० रुपये, झाले ३०,८००. येण्याजाण्याचे माणशी रोज १०० म्हणजे १२,०००. दोन ट्रेनर रोज अडीच हजारांनी, २०,०००. उर्दू छपाई १५० रुपये संच, ४,५००. आणि यात एक गोष्ट घाला जी तुमच्या कागदात नाहीच, ट्रेनिंगनंतर प्रत्येक शाळेत दोनदा जाऊन वर्ग बघायचा, १५ शाळा, फेरीला ३०० रुपये, ९,०००. बेरीज ७६,३००. एवढ्या रकमेला हो म्हणायला कंपनीत बोर्डाची मीटिंग लागेलच असं नाही.

त्या ९ हजारांवर तुमचं प्रपोजल उभं राहील असं मला खरंच वाटतं. आम्ही पहिल्यांदा एका कंपनीत गेलो तेव्हा २२ पानी प्रपोजल होतं, त्या बाईंनी ते उघडलंसुद्धा नाही, फक्त विचारलं की ट्रेनिंग झाल्यावर वर्गात वेगळं काय दिसेल? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. परत आलो आणि एका उर्दू शाळेत सातवीच्या वर्गावर बिनपैशाचं एक करून पाहिलं. शाळेसमोरचं गटार तुंबलेलं, मुलींनी प्रभाग कार्यालयाला अर्ज लिहिला, दोघी टीचरबरोबर जाऊन देऊन आल्या, आणि पोच घेऊन आल्या. आवक नंबर, तारीख, जांभळा गोल शिक्का. तो कागद वर्गात हातोहात फिरला, एक मुलगी शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाली, "टीचर, ये अपना नंबर है?" गटार साफ व्हायला पुढे दीड महिना गेला ते सोडा. पुढच्या वेळी आम्ही त्या पोचेची झेरॉक्स आणि दोन पानं घेऊन गेलो, पैसे मिळाले.

ट्रेनिंगमध्येही हेच करून घ्या शिक्षकांकडून. संविधानाची उद्देशिका रोज परिपाठाला म्हणतातच मुलं, पण मराठीतलं "सार्वभौम" मराठी पोरांना कळत नाही आणि उर्दूतलं "मुक्तदिर" उर्दू पोरांना. शिक्षकांना एकेक शब्द वाटून द्या, मोहल्ल्यातलं उदाहरण शोधून आणायला सांगा, एक आख्खा दिवस त्यातच जाऊ दे. अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या कलम २९ आणि ३० वर मात्र भाषणं नकोत, तुमची स्वतःची शाळा ज्या कलमावर चालते ते पोरांना शाळेच्याच फाईलीतून दाखवा.

प्रश्न : मॅडम, आम्ही अक्कलकोटकडचे, कन्नड माध्यमाची शाळा. आमच्याकडे अल्पसंख्याक दर्जाचा दाखला नाही. तो काढल्याशिवाय ट्रेनिंगला फंड मिळणार नाही असं एकाने सांगितलं, आणि काढून देतो म्हणून पैसेही मागतोय.
— एक मुख्याध्यापिका

उत्तर : बाई, त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. दाखला हा संस्था कोण चालवतं याचा असतो, कलम ३० चे व्यवस्थापनाचे हक्क त्यावर येतात, भाषिक अल्पसंख्याकांनाही मिळतो आणि भाषिक कोण ते राज्यानुसार ठरतं, म्हणून महाराष्ट्रात कन्नडवाले आणि बेळगावात आपण. पण सीएसआरवाले हा दाखला कायद्याने मागत नाहीत, त्यांना नोंदणी आणि ऑडिट हवं. दाखला हवाच असेल तर अल्पसंख्याक विकास विभागाकडे संस्थेनेच सरळ अर्ज करायचा. ट्रेनिंगला मात्र शेजारच्या मराठी शाळांचे शिक्षकही बोलवा, खर्च फार वाढत नाही आणि "फक्त त्यांच्यासाठीच का" हा प्रश्न मिटतो.

प्रश्न : ताई, परदेशातल्या ओळखीच्या लोकांनी पैसे पाठवले तर चालतील का? ते म्हणतात दुसऱ्या मोठ्या संस्थेच्या खात्यातून तुम्हाला देतो.
— एक विश्वस्त, मालेगाव

उत्तर : नाही, हे अजिबात करू नका. एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येणारा पैसा एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायचा हे २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे, दुसऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी असली तरी. तुमची स्वतःची नोंदणी हवी, आणि त्याला साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेले लागतात, शिवाय दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच खातं. मात्र पाठवणारे भारतीय पासपोर्टवाले असतील आणि स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत देत असतील तर तो परदेशी पैसा धरत नाहीत. तेव्हा आधी पासपोर्टची झेरॉक्स मागवा, आणि आखातातल्या भाच्याने पाठवलेले आणि अमेरिकन नागरिक झालेल्या मामाने पाठवलेले पैसे एका पावतीपुस्तकात घालू नका.