स्लॉथ म्हणजे आळस की झाडावरचा प्राणी? आणि मराठीत त्याला म्हणायचं काय?

प्रश्न विचारणाऱ्यांची अडचण अशी आहे: मुलीला शाळेत 'स्लॉथ' म्हणजे आळस असं लिहून दिलंय. मोबाइलवर शोधलं तर झाडाला उलटं लटकलेलं, हसऱ्या तोंडाचं जनावर येतं. त्याच्या खाली 'स्लॉथ बेअर' म्हणून आपल्याकडचं काळं अस्वल येतं. हे तिन्ही एकच का, आणि मराठीत काय लिहायचं?

आळस आणि प्राणी, दोन्ही बरोबर. शब्द मूळचा आळसाचा, 'स्लो'ला शेपूट लावून झालेला, जसं 'वॉर्म'चं 'वॉर्म्थ'. दक्षिण अमेरिकेतल्या या प्राण्याला पोर्तुगीज लोक 'प्रेगिसा' म्हणायचे, म्हणजे आळसच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी त्याचं सरळ भाषांतर करून टाकलं. स्पॅनिशमध्ये तो 'पेरेसोसो', जर्मनमध्ये 'फाउलटीअर'. चार भाषा, शिवी एक. अस्वलाचा या प्राण्याशी काडीचा संबंध नाही. मुलीच्या वहीपुरतं एवढं पुरे.

पण तिसऱ्या भागापाशी मी अडलो, कारण या 'स्लॉथ बेअर'पायी माझी आणि माझ्या साडूची सहा वर्षं कुरबुर चालू आहे.

मी नागपुरात भाषांतराची कामं करतो. साडूचा बोर्ड बनवायचा धंदा आहे: फ्लेक्स, सनबोर्ड, रेडियम, सगळं. त्याला गोंदिया जिल्ह्यातल्या एका जंगलाच्या गेटजवळ चौदा माहितीफलक लावायचं काम मिळालं. इंग्रजी मजकूर तयार होता. "भाऊ, रविवारपर्यंत मराठी करून द्या, अर्ध्या अर्ध्या पानाचं तर आहे," म्हणाला. पैशाचा विषय निघाला नाही, नात्यात निघत नसतो. तेरा फलक मी दोन दिवसांत उरकले. रानगवा, नीलगाय, चितळ, सर्पगरुड यांत अडायचं काय? चौदाव्यावर मथळा होता 'स्लॉथ बेअर', आणि तिथे माझं गाडं रुतलं.

सरळ 'अस्वल' लिहून मोकळा का झालो नाही, असं बायकोनेही विचारलं होतं. कारण मजकुरातच एक ओळ होती की 'स्लॉथ' हे नाव त्याच्या संथ स्वभावावरून पडलं. ती ओळ धादांत खोटी आहे. ती मराठीत माझ्या हाताने उतरावी हे मला होईना.

माझे मामा त्याच पट्ट्यातले. 1996 च्या मार्चमध्ये ते पहाटे चारला मोहफुलं वेचायला निघाले. मोह रात्रीतून टपटप पडत राहतो आणि उजाडेपर्यंत झाडाखाली पिवळट सडा होतो. गुरं तोंड घालायच्या आत, ऊन चढायच्या आत वेचावा लागतो, म्हणून बाया-माणसं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. अडचण एवढीच की अस्वलालाही मोह आवडतो आणि त्याचंही वेळापत्रक तेच. मामा वाकून वेचत होते, ते झाडाच्या पलीकडे वाकून खात होतं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. मामांच्या टोपलीची कड दगडाला लागून आवाज झाला. मामा सांगतात, "मले उभा राहाचा टाइम नाई भेटला. पंधरा पावलं होती मधात. मी 'अ' म्हनलं, तं ते अंगावर." डोक्याची कातडी सोललेली, डावा कान अर्धा गेलेला, खालचा ओठ कायमचा वाकडा. अस्वल नेहमी तोंडाडोक्याकडे जातं, कारण ते मागच्या पायांवर उभं राहून हात चालवतं. लहानपणी आम्हाला सांगायचे की अस्वल गुदगुल्या करून मारतं. मामांचं डोकं पाहिल्यावर तो विनोद आमच्या घरात कोणी केला नाही.

आता मला सांगा, याला मी 'संथ स्वभावाचं' लिहू?

म्हणून शोधत बसलो. निघालं ते असं. 1791 मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या अस्वलाचं शास्त्रीय नाव ठेवलं 'ब्रॅडिपस उर्सिनस'. ब्रॅडिपस म्हणजे मंदपाय, हे लिनीअसने झाडावरच्या स्लॉथला दिलेलं नाव, आणि उर्सिनस म्हणजे अस्वलासारखा. थोडक्यात, शॉच्या मते हा अस्वलासारखा दिसणारा स्लॉथ होता! कारण काय, तर नखं लांब आणि वाकडी, आणि वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात नाहीत. दोन वर्षांनी, 1793 मध्ये, मायर नावाच्या दुसऱ्याने 'मेलर्सस', म्हणजे मधाचं अस्वल, हे नाव सुचवलं. आज दोन्हींची खिचडी चालते: मेलर्सस उर्सिनस, अर्थात 'अस्वलासारखं मधाचं अस्वल'. शास्त्रीय नाव सुधारलं तरी इंग्रजी बोलीतला 'स्लॉथ' काही सुटला नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची एक गफलत, आणि तिचं भाषांतर करून आम्ही गोंदियात लावायचं.

गंमत म्हणजे ती नखं आणि ते नसलेले दात हीच त्याच्या कष्टाची हत्यारं. एका बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेसाठी मी मचाणावर रात्र काढली होती. मचाणापासून जेमतेम तीस-चाळीस पावलांवर वारूळ होतं. अकराच्या सुमाराला मादी आली, पाठीवर दोन पिल्लं, केसांना धरून बसलेली. उन्हाळ्यात वारूळ सिमेंटसारखं कडक होतं, कुदळ मारली तर ठिणगी उडेल असं. तिने पुढच्या नखांनी त्याला भगदाड पाडलं, तोंड आत घातलं, आधी फुंकर मारून माती उडवली आणि मग ओढायला लागली. दातांतली फट, पुढे काढलेले ओठ, मिटलेल्या नाकपुड्या, सगळ्याची मिळून एक नळी. आवाज कसा सांगू? बशीतला गरम चहा कोणीतरी भुरकतंय आणि ती बशी संपतच नाहीये. फुंकर, भुरका, फुंकर, भुरका. हा आवाज शंभर मीटरवरून सहज ऐकू येतो. पिल्लं अधूनमधून पाठीवरून घसरत होती, परत चढत होती. दोन तास बाईने पाठ टेकली नाही. माझ्या शेजारचा गडी मात्र घोरत होता.

तर तीन आठवडे झाले. मी साडूला कळवलं की चौदाव्याचा मथळा फक्त 'अस्वल' ठेवा, आणि ती ओळ बदलायची परवानगी घ्या. त्याने परवानगी घेतली नाही. मोबाइलमध्ये इंग्रजी टाकलं, आलं ते छापलं. आज त्या गेटपाशी चार फूट बाय तीन फूट हिरव्या बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय 'आळशी अस्वल'. खाली तिसऱ्या ओळीत: 'आळशी अस्वल माणसापेक्षा वेगाने धावू शकते.' याच्यावर मी आणखी काय बोलू?

मामांना एकदा तिथे घेऊन गेलो. ते बोट फिरवत वाचतात. "आ... ळ... शी." बोट थांबलं. "हे कोनं लिहलं बे?" मी साडूचं नाव सांगितलं. "त्याले म्हना, एक डाव ये माह्यासंगं मोहाखाली. चार वाजता." मग वाकड्या ओठाने हसले आणि पलीकडच्या टपरीवर चहा सांगितला.

पुढचा प्रसंग साडूच्या मुलीच्या साखरपुड्यातला. पंगतीत, सासऱ्यांच्या देखत, साडू म्हणाला, "एका शब्दाला तीन आठवडे. आमचे साडू म्हणजे एक नंबरचे ऐदी." लोक हसले, मीही हसलो, पण घरी येऊन 'ऐदी' शोधला. हा शब्द 'अहदी'वरून आलाय. अकबराच्या फौजेत अहदी म्हणून एकेकटे घोडेस्वार असायचे, कोण्या मनसबदाराच्या हाताखाली नसलेले, थेट बादशहाचे चाकर. काम निघालं की बोलावणं, एरवी बसून पगार. लोकांनी त्यांना बसलेलं तेवढं पाहिलं आणि शब्दाचा अर्थ आळशी झाला. हे मी साडूला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ऐदीच ना?"

आता झाडावरच्या स्लॉथबद्दल, कारण मूळ प्रश्न त्याचा होता. त्याच्यावरही असाच आळ आहे. हा प्राणी जवळजवळ निव्वळ पानांवर जगतो. पानांत ताकद कमी, वर पचायला जड. एकदा खाल्लेलं पचून बाहेर पडायला कित्येक दिवस जातात, कधी महिनाही लागतो. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीत जो उड्या मारेल तो उपाशी मरेल. म्हणून तो बेताने हलतो, अंगाचं तापमान थोडं खालीवर होऊ देतो, केसांत शेवाळ वाढू देतो म्हणजे पानांत दिसून येत नाही. हार्पी गरुडाला हालचाल चटकन दिसते, मग न हललेलं बरं. उलटं लटकायचं म्हणून केसांचा भांगसुद्धा पोटावर, पावसाचं पाणी पाठीकडे ओघळून जातं. तीन बोटांचा स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदा परसाकडे जायला झाडाखाली उतरतो, तेवढाच त्याचा प्रवास. पाण्यात पडला तर छान पोहतो. आणि झोपेचं म्हणाल तर पिंजऱ्यातले स्लॉथ दिवसाला सोळा तास झोपतात म्हणून त्यांची बदनामी झाली होती. पनामाच्या जंगलात मोकळ्या स्लॉथांच्या डोक्याला यंत्र लावून मोजलं, ते निष्कर्ष 2008 मध्ये आले: साडेनऊ तासांच्या थोडं वर. आमचा साडू दुपारची धरून तेवढाच झोपतो.

ज्याला ख्रिस्ती लोक सात पापांतला 'स्लॉथ' म्हणतात तोही मुळात अंथरुणात लोळण्याचा आळस नव्हे. त्याचं जुनं नाव 'असेडिया'. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या साधूंना भर दुपारी जे व्हायचं ते: सूर्य हलत नाही, कोठडीत जीव रमत नाही, कोणी येतंय का म्हणून सारखं दाराकडे बघणं. आपण 'कशात मन लागत नाही' म्हणतो ना, ते. त्यातला माणूस कधी कधी भलताच धावपळ्याही असतो, फक्त जे करायचं ते सोडून. तीन आठवड्यांत मी कपाट आवरलं, दोन पंखे पुसले, साडूच्या बोर्डाखेरीज सगळं केलं, हे इथे कबूल करतो.

मराठीत काय म्हणायचं? 'स्लॉथ' म्हणा. कांगारू म्हणतो, पेंग्विन म्हणतो, मग याच्याच वाट्याला बारसं कशाला? जो प्राणी आपल्या मुलखात नाही त्याला संस्कृतातून ओढूनताणून नाव पाडलं की ते पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी वापरत नाही. 'आळशी'वरून काही बनवायचं असेल तर आधी मामांना भेटा. ब्राझीलच्या तुपी लोकांकडे त्याच्या ओरडण्यावरून पडलेलं स्वतःचं नाव होतं, ते मराठीत जसंच्या तसं लिहिता येतं: 'आई'. सगळ्या युरोपने ज्याला आळशी ठरवलं त्याचं घरचं नाव आई. हे बायकोला सांगितलं तर ती पोळ्या लाटत होती, म्हणाली, "बरं."

मुलीच्या बाईंना काय लिहून द्यायचं ते तुम्ही ठरवा. मी असतो तर दोन ओळी लिहिल्या असत्या, आणि दुसरी खोडायला लावली तर शाळेत जाऊन बसलो असतो. पण मी असाच आहे, तुम्ही तसं करू नका, मुलीला त्रास होईल.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. 'दोन बोटांचा स्लॉथ' म्हणतात त्यालाही मागच्या पायाला तीनच बोटं असतात, दोन फक्त पुढच्या; मुलीने चित्र काढलं तर मोजून काढा. अस्वलाची मी बाजू घेतली म्हणून ते गरीब जनावर आहे असं समजू नका. मोहाच्या दिवसांत त्या भागात पहाटे जायचं तर एकट्याने जाऊ नका, बोलत, खोकत, काठी आपटत जा, म्हणजे त्याला आधी कळतं आणि ते आपल्या वाटेने निघून जातं. आणि साडू माणूस वाईट नाही. त्या काळी मामांना बैलगाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मागल्या वर्षी त्यांना परत चक्कर आली, तेव्हा रात्री दोनला स्वतःची गाडी काढून नेणारा हाच.

परवा त्याचा फोन आला. फुलपाखरांचे बावीस बोर्ड आहेत, गुरुवारपर्यंत हवेत, यावेळी पैसेही देतो म्हणाला. मी हो म्हटलं. यादीत पहिलंच नाव 'कॉमन जेझबेल' आहे. जेझबेल ही बायबलातली एक बदनाम राणी. इतक्या सुंदर पाखराला तिचं नाव का दिलं असेल, ते बघतोय. आज बुधवार.