मजकूर उचलणाऱ्याला पत्र धाडण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

प्रतिस्पर्ध्याने तुझ्या संकेतस्थळावरील मजकूर शब्दशः उचलल्याचे तू कळवलेस आणि त्याला पाठवायच्या पत्राचा मसुदाही जोडलास. तो मसुदा तूर्त बाजूला ठेव. असे पत्र हाती पडताच माणूस आधी आपली पाने बदलतो आणि मग आपल्याकडे तक्रारीखेरीज काही उरत नाही. त्यामुळे त्याच्या प्रत्येक पानाचे, पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घे आणि संकेतस्थळांच्या प्रती तारखेसह जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ती पाने जतन कर. तुझी पाने तिथे पूर्वीच नोंदलेली असतील, तर कोणाचा मजकूर आधीचा यावर फारसा वाद उरणार नाही. नक्कल करणारे बहुधा आळशी असतात, हे आपल्या पथ्यावरच पडते. तुझी शुद्धलेखनाची चूक, फोटोच्या फाइलला तू दिलेले नाव, एखाद्या लिंकमध्ये राहून गेलेला तुझ्याच पानाचा पत्ता, हे सारे तिकडे जसेच्या तसे सापडते का, ते बारकाईने पाहा.

कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांत लेखनाला नोंदणीविनाही संरक्षण मिळते, परंतु ते शब्दांतील मांडणीला असते, कल्पनेला नव्हे. त्याने तुझ्यासारखीच सेवा सुरू केली, ही तुझ्या मसुद्यातली निम्मी तक्रार त्यामुळे गाळावी लागेल. मजकूर बाहेरच्या लेखकाकडून करून घेतला असेल, तर त्याचे हक्क लेखी तुझ्याकडे आले आहेत का, हेही आधी तपास.

त्यानंतर पत्र लिही, पण ते चार ओळींचे असू दे : दोन्हीकडच्या पानांचे पत्ते, मजकूर काढण्याची मुदत आणि तुझी सही. धमकी नको, टोमणे तर नकोतच. मुदत उलटली, तर त्याचे संकेतस्थळ जिच्या सर्व्हरवर आहे, त्या होस्टिंग कंपनीकडे तक्रार कर. कंपनी अमेरिकन असल्यास तेथील १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार रीतसर नोटीस देता येते; मात्र जाणूनबुजून खोटा दावा केल्यास नुकसानभरपाई आपल्यावर येते आणि समोरच्याला प्रतिनोटीस देण्याचा हक्क असतो. गूगलकडेही अशी तक्रार करता येते, पण त्याने पान केवळ शोधनिकालांतून जाते, मूळ जागी ते राहतेच.

वकिलाचा खर्च करण्यापूर्वी तुझे एखादे खास वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधून पाहा. तुझेच पान वर येत असेल, तर पत्रावर भागव. त्याचे येत असेल आणि ग्राहक तिकडे वळत असतील, तर मात्र थांबू नकोस.