राणीला कव्हर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. अंगठ्याने एवढं उत्तर टंकणं मला जमत नाही, म्हणून सरळ कागद घेतला. नातू फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर रविवारी विचार.

अंधेरीची नोकरी सोडायची, वर्षभर फक्त डार्ट्स खेळायचं आणि जानेवारीत इंग्लंडला जाऊन टूर कार्डासाठी, म्हणजे व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या परवान्यासाठी, उतरायचं, असं लिहिलंस. शेवटी विचारलंस, ‘काका, चुकतेय का मी?’ ते नंतर बघू. आधी एक सांग. डबल सोळावर, फळ्याच्या कडेच्या त्या दुप्पट गुणांच्या पट्टीत, शंभर डार्ट मारलेस तर लागतात किती? तुझ्या त्या लांबलचक मेसेजात १८०चा, तीन डार्टांतल्या जास्तीत जास्त गुणांचा, उल्लेख चार वेळा आहे. डबलचा एकदाही नाही.

तू कॅरममधून इकडे आलीस, मीही तसाच. परळच्या आमच्या चाळीत गॅलरीतल्या पिवळ्या बल्बखाली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोर्ड चालायचा. तिथे एक मुलगा राणी हमखास घ्यायचा. कट म्हण, रिबाउंड म्हण, कुठूनही. बघणारे टाळ्या पिटायचे. आणि कव्हरची सोंगटी समोर आली की त्याचं बोट थरथरायचं. राणी परत मध्यात. पाच-सहा वर्षं मी हे बघितलं. त्याने मारलेल्या राण्या सगळ्यांना आठवतात, जिंकलेला सामना कुणालाच आठवत नाही. १८० ही राणी आहे, पोरी. डबल म्हणजे कव्हर. ५०१वरून खाली उतरत नेमकं शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच, हा नियम ज्याने केला त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळलेला असणार.

डबलची पट्टी तारेपासून तारेपर्यंत ८ मिलिमीटर. लिहायच्या पेन्सिलीहून जेमतेम जाड. तू उभी २.३७ मीटरवर, बुल, म्हणजे फळ्याचा मध्य, जमिनीपासून १.७३ मीटर उंच. (मॉलमधल्या त्या मशीनवर, प्लॅस्टिकच्या टोकांच्या डार्टला, रेघ २.४४ मीटरवर असते. सात सेंटिमीटरने काय होतंय, म्हणून तिथे हात बिघडवून घेऊ नकोस. गंमत म्हणून खेळायचं तर खेळ, पण सराव म्हणून वहीत मांडू नकोस.) इंग्रज त्या रेघेला ‘ऑकी’ म्हणतात. मराठी कानाला शब्द काही बरा वाटत नाही, आपण रेघच म्हणू.

डबल सोळा का म्हणतो, तेही सांगतो, कारण तू अजून डबल वीसच्या मागे असतेस. ३२ राहिलेत, डार्ट आत घसरून साध्या सोळात गेला, तर १६ उरतात. म्हणजे डबल आठ. तो चुकला तर डबल चार, मग दोन, मग एक. दर वेळी अर्धं होत जातं आणि तरी डबल समोर उभाच. ४०वरून चुकलीस तर २०, मग १०, मग ५. पाच विषम, तिथे अडकलीस. एक डार्ट नुसता आकडा सुधारण्यात गेला. असा एकेक डार्ट वाया जातो आणि समोरचा लेग, म्हणजे तो डाव, घेऊन जातो.

हा हिशोब फळ्यासमोर उभं राहिल्यावर करायचा नसतो, तो तोंडपाठच हवा. ५६ राहिले तर सोळाच्या ट्रिपलवर, तिप्पट गुणांच्या पट्टीवर, जा: ट्रिपल लागला तर ८ उरतात, साधा सोळा लागला तरी ४०. दोन्हीकडून तू वाचतेस. १७० तीन डार्टांत संपतात, दोन ट्रिपल वीस आणि बुलचे पन्नास. त्याच्याहून एक कमी, १६९ मात्र संपत नाहीत. तिथे येऊन उभं राहायचं नाही, हे आधीच्या फेरीतच दिसायला हवं. तू डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी करतेस. रिक्षाच्या पाटीवरचे शेवटचे तीन आकडे, किराण्याचं बिल, डब्याचा नंबर, १७०च्या आतलं जे दिसेल ते मनात फोडायचं. आणि हो, लोकलमध्ये कडी डाव्या हाताने धर. हसू नकोस. तासभर गर्दीत उजवा हात वर ताणून आल्यावर संध्याकाळी खांदा कुठे असतो, ते मी स्वतः भोगलंय.

आता नोकरीचं.

कॅरमच्या पोरांना आपल्या मुंबईत क्रीडा कोट्यातून बँकेत, रेल्वेत, तेल कंपनीत चिकटायची सोय झाली. मीही बँकेत होतो, पण परीक्षा देऊन. डार्ट्सला तसं दार मला आजवर कुठे दिसलं नाही. म्हणजे तुझी नोकरी हाच तुझा कोटा. तू ज्या कार्डाचं म्हणतेस ती १२८ खेळाडूंना मिळतात. जानेवारीत मिल्टन कीन्सला आणि जर्मनीत काल्करला पात्रता होते, शेकडो जण येतात, मूठभरांना कार्ड मिळतं आणि ते दोन वर्षं चालतं. तुला वाटतं कार्ड मिळालं की दिवे, संगीत, नाव पुकारणं. पोरी, वर्षातले बहुतेक सामने बंद हॉलमध्ये, शेजारी शेजारी लावलेल्या फळ्यांवर होतात. प्रेक्षक नाही, टाळी नाही. पहिल्या फेरीत हरलीस की हाती म्हणण्यासारखं काही नाही. क्रमवारी गुणांवर नसते, दोन वर्षांत किती पौंड जिंकलेस त्यावर असते, आणि नवा माणूस शून्यापासून सुरू करतो. विमान, व्हिसा, तिथलं राहणं-खाणं सगळं पौंडात, तेही जिंकण्याच्या आधी.

तू ल्यूक लिटलरचं उदाहरण दिलंस. सोळाव्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत आणि ३ जानेवारी २०२५ला, सतराव्या वर्षी, विजेता. खरंय. पण तो दीड वर्षाचा असताना फळ्यावर डार्ट फेकत होता. सतराव्या वर्षी त्याच्या गाठीला पंधरा वर्षं होती. तुझ्या गाठीला चार आहेत. कुणाचं उदाहरण घ्यायचंच असेल तर रॉब क्रॉसचं घे. इलेक्ट्रिशियन होता. खालच्या टूरवर जिंकून आधी कार्ड मिळवलं, मग पूर्णवेळ उतरला, आणि १ जानेवारी २०१८ला सोळा वेळा जगज्जेता झालेल्या फिल टेलरला त्याच्या शेवटच्या सामन्यात हरवून जगज्जेता झाला. कार्ड आधी, राजीनामा नंतर. हा क्रम उलटा करणाऱ्यांची नावं पेपरात येत नाहीत, म्हणून ते नसतातच असं समजू नकोस. स्वतः टेलर कारखान्यात चिनीमातीच्या मुठी बनवायचा. एरिक ब्रिस्टो या तेव्हाच्या नामी खेळाडूने पैसे घातले म्हणून तो सुटला. तुझ्यामागे ब्रिस्टो नाही. मी आहे, आणि माझी पेन्शन तुला माहीत आहे.

तेव्हा रजा साठव. भारतातून जागतिक स्पर्धेला जायच्या पात्रता फेऱ्या होत आल्या आहेत, आशियातली टूर आहे. आधी तिथे चार पराभव घे. नितीन कुमार वर्षानुवर्षं जागतिक स्पर्धेला, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसला, जाऊन पहिल्याच फेरीत परत येत होता. २०२५च्या डिसेंबरात तिथे सामना जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. किती वर्षं गेली ते तूच मोज. ‘काका, मुलीचं काय?’ असं तू एकदा विचारलं होतंस. त्याच मंचावर २०१९च्या डिसेंबरात फॅलन शेरॉकने टेड एव्हेट्सला हरवलं आणि पुढच्या फेरीत मेन्सूर सुल्योविचला. पुरुषाला त्या स्पर्धेत हरवणारी पहिली बाई. फळ्याला कोण फेकतंय ते कळत नाही. बाकी ज्यांना कळतं, त्यांच्यासाठी आईला एकदा सामन्याला घेऊन ये. ‘बारमधला खेळ’ म्हणते ती, कारण तिने तो बारच्या दारातूनच पाहिलाय. सामन्याच्या दिवसाव्यतिरिक्त तिथे सराव करायचा नाही, हे माझंही मत आहे. पेल्याने हात सैल होतो असं सांगणारे भेटतील. सैल होतो, आणि मग पेल्याशिवाय होत नाही.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. मी शिकवतो पण फेकत का नाही, हे तू विचारलंस तेव्हा खांद्याचं निमित्त सांगितलं. खांदा नव्हे. फोर्टातल्या एका क्लबात सामना होता, गणपतीच्या आधीचा आठवडा, बाहेर धो धो पाऊस. मला ३२ हवे होते. हात मागे घेतला, पुढे नेला आणि बोटं सुटेनात. डार्ट हातातच. लोकांना वाटलं मी नेम धरतोय. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कुणीतरी हसलं, मीही हसलो. डार्ट कसाबसा सुटला तो फळ्याखालच्या रबरावर आपटला. तिथले एक जण मोठ्याने म्हणाले, ‘साहेबांना आज जास्त झाली.’ मी चहासुद्धा घेतला नव्हता. पुढे आठ महिने हेच. घरी, एकट्याने, दार लावून फेकलं तरी बोटं अडायची. याला डार्टायटिस म्हणतात हे फार नंतर कळलं. पाच वेळा जगज्जेता झालेल्या ब्रिस्टोलाही याने गाठलं, आणि त्यानंतर तो पुन्हा जगज्जेता झाला नाही. तेव्हा मला हे माहीत असतं तर निदान लाज वाटली नसती.

का होतं, ते नेमकं सांगता यायचं नाही मला. माझ्यापुरतं एवढं कळलं की त्या वर्षी मी बँकेतून बिनपगारी रजा काढून खेळत होतो, आणि प्रत्येक डबलवर घरभाडं लटकलेलं होतं. तुझ्या बोटांवर घरभाडं टांगू नकोस. मी सांगतोय ते भित्र्या म्हाताऱ्याचं शहाणपण वाटेल, वाटू दे. पण नोकरी सांभाळून खेळणारीचा हात मोकळा असतो, एवढं मी पैसे मोजून शिकलोय.

आता काम. उद्यापासून रोज पाऊण तास, त्याहून जास्त नको. पहिली पंधरा मिनिटं वीस-एकोणीस, हात तापवायला. उरलेला अर्धा तास फक्त डबल: सोळा, आठ, वीस, दहा आणि तुझा नावडता डबल सात. वहीत तारीख, किती मारले, किती लागले. आणि ते ‘आज मूड नव्हता’ वगैरे शेरे नकोत, आकडे हवेत. नव्वद दिवसांनी ती वही समोर ठेवून राजीनाम्याचं बोलू. आकडे बरे असले तर पहिल्या परदेशवारीच्या तिकिटाचे अर्धे मी घालीन, काकूशी बोलणं झालंय. प्रवासात डार्ट चेक-इनच्या बॅगेत टाक. हातातल्या पिशवीत राहिले तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

रविवारी ये. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असेल, वेळ बघून नीघ. जेवायलाच ये, काकू भरली वांगी करणार आहे.

तुझा,
काका

ता. क. – पावसाळ्यात तुझा फळा फुगेल. भिंतीला ओल आली असेल तर मागे लाकडी पट्ट्या मार, म्हणजे हवा खेळेल. कुणी पाणी शिंपडायला सांगितलं तर ऐकू नकोस, ते जुन्या लाकडी फळ्यांचं, आपला सिसलच्या तंतूंचा आहे. वीसचा भाग झिजला असेल तर आकड्यांची कडी काढ, फळा दोन घरं फिरव, म्हणजे वीस पुन्हा काळ्याच घरावर येईल. आणि शेजारच्या वहिनींना आवाजाचा त्रास होतोय असं आई म्हणाली. धोबी तलावाला जाशील तेव्हा फळ्यामागे लावायला जाड रबर घेऊन ये, पैसे मी देतो.