स्वस्त लॅपटॉप घेताना आधी काय बघायचं?

प्रश्न: मुलगी यंदा अकरावी कॉमर्सला आहे. लॅपटॉपसाठी वीस-बावीस हजारांची तयारी आहे. या पैशांत नवं क्रोमबुक (गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) मिळतंय, बऱ्यापैकी विंडोज मशीन मात्र तीस हजारांच्या पुढे सांगतात. दिसायला दोन्ही सारखीच, मग फरक कशाचा? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात सेकंड हँड घेतला तर चालेल का?
– एक पालक, भांडुप

उत्तर: ताई, मुलगी कॉमर्सला आहे म्हणजे आज ना उद्या टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकणार. त्याची आताची आवृत्ती टॅलीप्राइम विंडोजवर चालते, क्रोमबुकवर ती थेट इन्स्टॉल होत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी क्रोमबुक बाद करते. तेच मुलगी आर्ट्सला असती, लिहिणं-वाचणं आणि ऑनलाइन लेक्चर एवढंच काम असतं, तर बिनधास्त घ्या म्हटलं असतं.

फरक सिस्टीमच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, भुकेचा आहे. क्रोमओएस 4 जीबी रॅमवर निभावून नेते. विंडोज 11 ची किमान अटही कागदावर 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज एवढीच आहे, आणि तेवढ्यावरच बनवलेली स्वस्त विंडोज मशीनं बाजारात आहेत. ती घेऊ नका. माझ्या रिपेअरच्या टेबलावर अशी मशीनं येतात, कारण अपडेट आलं की जागा संपते. खालचं झाकण उघडावं तर स्टोरेजची चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, दुसरी ड्राइव्ह लावायला स्लॉटच नाही. गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

स्वस्त मशीन किती चांगलं असावं हे सिस्टीमवाली कंपनी ठरवते, हे जुनंच आहे. 2007 मध्ये आसूसचा छोटा ई-पीसी लिनक्स या वेगळ्या सिस्टीमवर आला आणि खपला. मायक्रोसॉफ्टने मग 2008 मध्ये निवृत्तीला आलेली विंडोज एक्सपी अशा स्वस्त मशीनांपुरती चालू ठेवली, पण रॅम आणि स्क्रीनच्या मापाची अट घालून. त्यामुळे तेव्हाच्या बहुतेक नेटबुकांत, म्हणजे अशा छोट्या स्वस्त लॅपटॉपांत, रॅम 1 जीबीच असे. पुढे 2009 मध्ये विंडोज 7 स्टार्टर आली, तिच्यात वॉलपेपरसुद्धा बदलता येत नसे. पैसे मोजून घेतलेल्या मशीनवर आपल्या बाळाचा फोटो लावता येऊ नये, याचा मला आजही राग येतो.

आता सेकंड हँडचं. तुमच्या पैशांत हाच रस्ता मला पटतो. कंपन्यांनी लीज संपल्यावर सोडलेले लॅपटॉप लॅमिंग्टन रोडला येतात, बांधणी दणकट असते. इथेही भाव सिस्टीमच पाडते. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 इंटेलच्या प्रोसेसरांच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. सातव्या पिढीचं मशीन म्हणूनच स्वस्तात दाखवतील. स्टिकरवर विसंबू नका, सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचं नाव स्वतः वाचा. आय5-8250यू असं दिसलं तर डॅशनंतरचा 8 म्हणजे आठवी पिढी.

‘जुन्यावरही विंडोज अकरा टाकून देतो’ असं दुकानदार म्हणेल. टाकता येते, खोटं नाही. पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मुलीला ते बारावीच्या पुढेही वापरायचंय.

8 जीबी रॅम आणि 256 जीबीची एसएसडी याखाली उतरू नका. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे ना, ते दुकानातच बघा. चार्जर काढून अर्धा तास मशीन चालू ठेवा, बॅटरी कशी उतरते ते कळेल. बिल पक्कं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या.