कॉक्लिअर इम्प्लांट, सासूबाईंची काळजी आणि घरातली मराठी

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. मुलगी अकरा महिन्यांची आहे. जन्मानंतरच्या तपासणीतच शंका आली होती, पुढे दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असं नक्की झालं. हिअरिंग एड लावून पाहिले, काही फरक नाही. आता हॉस्पिटलची टीम म्हणते, दोन्ही कानांत कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं यंत्र, करू या. साताऱ्याहून सासूबाई म्हणतात, एवढ्या तान्ह्या पोरीच्या डोक्याला सुरी कशाला, जरा मोठी होऊ दे. नणंद म्हणते, पुण्याला येऊन करा, माणसं तरी असतील. आणि इथली एक मैत्रीण म्हणाली की आता घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. डोकं चालत नाही. काय करू?

उत्तर: ऑपरेशन लांबवू नका, आणि मराठी तर अजिबात बंद करू नका. आमच्या मुलाला दोन्ही कानांत इम्प्लांट आहेत. तो इथल्याच शाळेत जातो आणि आजीशी फोनवर मराठीत हुज्जत घालतो. त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये.

सासूबाईंची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नका. पण त्यांना दोन गोष्टी समजावून सांगा. पहिली अशी की कानाच्या आतला शंखासारखा भाग, कॉक्लिया, जन्मतःच मोठ्या माणसाच्या कॉक्लियाएवढा असतो. मुलगी वाढली म्हणून आत बसवलेला भाग लहान पडत नाही. डोकं वाढणार म्हणून वायरीला आधीच ढील ठेवलेली असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मेंदूचा ऐकण्याचा भाग आवाज मिळाला तरच घडतो, आणि त्याच्या घडणीचा सर्वात चांगला काळ पहिली साडेतीन वर्षं. तो गेला की तेच यंत्र बसवूनही बोलणं समजायला फार जड जातं. "आमच्याकडे अमका चार वर्षांनी बोलला" हे खरं असेल, पण त्या अमक्याला ऐकू येत होतं.

इथे कुणी घाईनं ऑपरेशन सुचवत नाही. २०१९ पासून नियम असा आहे की ५०० ते ४००० हर्ट्झमधल्या (हर्ट्झ म्हणजे आवाज किती उंच-खर्जातला ते) किमान दोन पट्ट्यांत, दोन्ही कानांना, ८० डेसिबलच्या वरचाच आवाज ऐकू येत असेल आणि हिअरिंग एडचा पुरेसा उपयोग होत नसेल, तर इम्प्लांटचा विचार होतो. लहान मुलांना दोन्ही कान एकाच वेळी करून देतात. त्याआधी एमआरआय किंवा सीटी स्कॅन करून कॉक्लियाची रचना आणि ऐकण्याची नस नीट आहे ना हे बघतात.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण कुणीतरी विचारलंच असेल: ग्रहणात काही चिरलं होतंस का? कुणाच्या घराण्यात होतं? ग्रहणाचा काही संबंध नाही. बहिऱ्या जन्मलेल्या बहुतेक बाळांचे आईबाप ऐकू येणारेच असतात. पुष्कळदा कारण जनुकांत असतं, आणि त्यातल्या बऱ्याच प्रकारांत आई आणि बाबा दोघांकडून एकेक दोषी जनुक आलेलं असतं. दोघांनाही उत्तम ऐकू येत असतं आणि तरीही अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता असते. म्हणजे माहेर-सासर असा वाद घालायला जागाच नाही. जेनेटिक तपासणी देऊ केली तर जरूर करून घ्या, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर उपयोगी पडेल.

ऑपरेशनचा दिवस लांबलचक असतो. दोन्ही कान म्हणजे चार-पाच तास सहज जातात. कानामागे छोटी चीर देतात, मागचं हाड कोरून वाट करतात आणि इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लियात सरकवतात. जवळून चेहऱ्याची नस जाते, तिच्यावर ऑपरेशनभर यंत्राची नजर असते. जंतुसंसर्ग, काही दिवस तोल जाणं, क्वचित यंत्र बिघडून पुन्हा ऑपरेशन, हे धोके टीम सांगेलच. मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा, धोका थोडा वाढतो म्हणून न्यूमोकॉकस या जंतूच्या लशी वेळेवर हव्यात. हे मात्र वहीत लिहून ठेवा, पुढे जीपी (नेहमीचा डॉक्टर) बदलला तरी विसरायचं नाही. साधारण दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. डोक्याला पट्टी असलेलं बाळ बघून तुमचं काळीज हलेल. बाळ मात्र आपल्याला वाटतं त्याच्या फार आधी खेळायला लागतं. जावळ काढायचं राहिलं असेल तर जखम पूर्ण भरल्यावर, टीमला विचारून काढा.

तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, त्याला स्विच-ऑन म्हणतात. मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ बघून त्या दिवसाची कल्पना करू नका. पहिल्यांदा आवाज ऐकून खुदकन हसणारी बाळं असतात, पण घाबरून रडणारी, किंवा नुसती गप्प होणारीही तितकीच असतात. आमचा मुलगा खेळायचा थांबला, हातातला ठोकळा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला आणि मग पुन्हा खेळायला लागला. बस. नावाला हाक मारल्यावर वळायला पुढे बरेच दिवस लागले. मधल्या काळात मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्राची पातळी लावून घ्यायला, हॉस्पिटलच्या खेपा होत राहतात. स्विच-ऑनच्या दिवसापासून मुलीचं ऐकण्याचं वय मोजा. शेजारच्या दीड वर्षाच्या मुलाशी तुलना केलीत तर उगाच खचाल.

आता मराठीबद्दल. बहिऱ्या मुलाला एकच भाषा द्या, असं पूर्वी डॉक्टर-थेरपिस्टही सांगायचे, मैत्रिणीच्या कानावर तेच आलं असावं. पण लवकर इम्प्लांट झालेली मुलं दोन भाषा शिकतात आणि घरच्या भाषेमुळे त्यांची इंग्रजी मागे पडत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. विचार करा ना, तुम्ही दिवसभर कुठल्या भाषेत न अडखळता बोलू शकता? लाडीगोडी, रागावणं, गोष्ट, चिडवणं कुठल्या भाषेत येतं? या मुलीला कानावर पडणाऱ्या बोलण्याचा पूर हवा आहे. जपून, शोधून बोललेल्या इंग्रजी वाक्यांनी तो येणार नाही. इंग्रजी नर्सरीत आणि शाळेत मिळेलच. तुमच्या थेरपिस्टला स्पष्ट सांगा की घरात मराठी आहे. तंत्र तिच्याकडून घ्या, शब्द आपले वापरा.

हे करायचं कसं? आधी ऐकू द्यायचं, मग दाखवायचं. कुकरची शिट्टी झाली की कानाला बोट लावा, "ऐकलंस? काय वाजलं?" म्हणा, क्षणभर थांबा आणि मगच तिला कडेवर घेऊन कुकर दाखवा. कणीक मळताना तिला ओट्याजवळ बसवा: "पाणी घातलं. आता मळते. दाब, दाब, दाब. झाला गोळा!" तेच शब्द रोज. बडबडगीतं तर खजिना आहेत, त्यांत ताल आहे आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. सकाळी यंत्राचा बाहेरचा भाग कानाला लावल्यावर तिच्या मागे बसून आ, ई, ऊ, म, श, स म्हणून बघा. एरवी कळणारा एखादा आवाज आज कळत नसेल तर वायर किंवा कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती) तपासा. आणि बोलताना मिक्सर, चिमणी, टीव्ही बंद. गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं हे इम्प्लांटवाल्या मुलांचं सर्वात अवघड काम. मंडळाच्या गणपतीला जरूर न्या, पण तिच्याशी बोलायचं असेल तेव्हा ढोल-ताशापासून दूर, शांत कोपऱ्यात.

खुणांच्या भाषेला घाबरू नका. इथल्या ब्रिटिश साइन लँग्वेजला २०२२च्या कायद्याने मान्यता आहे. आंघोळीला, झोपताना यंत्र काढलं की तुमच्या मुलीला काही ऐकू येणार नाही, तेव्हा दूध, झोप, दुखतंय का, एवढ्या खुणा घरातल्या सगळ्यांना यायलाच हव्यात. त्यामुळे बोलणं खुंटत नाही.

सुरुवातीला ती कॉइल ओढून काढेल, तोंडात घालेल. ती फ्रिजला चिकटलेली सापडेल, कारण आत लोहचुंबक असतं. यावर सर्वात चांगला उपाय सासूबाईंकडे आहे: हनुवटीखाली बांधायचं, मऊ मलमलीचं, पातळ टोपरं. यंत्र जागच्या जागी राहतं आणि पातळ कापडातून माइकपर्यंत आवाजही पोहोचतो. त्यांना चार-पाच शिवून पाठवायला सांगा. काळजी करत बसण्यापेक्षा त्यांनाही बरं वाटेल.

पुण्यात उत्तम सर्जन आहेत, प्रश्न त्यांच्या कौशल्याचा नाही. पण ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं मॅपिंग, थेरपी, सुटे भाग लागतात, आणि ते जिथे राहता तिथेच हवेत. तुम्ही व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरला आहे, तेव्हा इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, हे सगळं होतं. भारतात खर्च लाखांत जातो. कायमचं परत जायचा विचार असेल तर तो टीमला आत्ताच सांगा आणि ज्या कंपनीचं यंत्र बसणार तिची सेवा आपल्या शहराजवळ आहे का ते विचारून घ्या.

पैशाबाबत सावध राहा. ओळखीचे लोक सांगतील की डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्ससाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यासाठी, अर्ज कर. तुमच्या प्रकारच्या व्हिसावर बहुधा सरकारी भत्ते घ्यायला मनाई असते आणि हा भत्ता त्यात येतो. व्हिसाची अट वाचल्याशिवाय, इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारल्याशिवाय अर्ज करू नका. एनएचएसचे उपचार, सरकारी शाळा आणि शाळेतली खास मदत मात्र त्या मनाईत येत नाहीत. कौन्सिलच्या टीचर ऑफ द डेफ, म्हणजे बहिऱ्या मुलांच्या खास शिक्षिका, घरी येऊन मार्गदर्शन करतात, त्या अजून आल्या नसतील तर ऑडिओलॉजीला (हॉस्पिटलच्या श्रवण-तपासणी विभागाला) फोन करून विचारा. नॅशनल डेफ चिल्ड्रेन्स सोसायटी या बहिऱ्या मुलांसाठीच्या संस्थेकडेही मोकळेपणाने विचारता येतं.

सासूबाईंचं तिकीट काढायचं असेल तर ऑपरेशनच्या आठवड्याचं काढू नका. त्या दिवसांत तुम्ही दोघं पुरेसे आहात. स्विच-ऑननंतर बोलवा आणि दोन-तीन महिने ठेवून घ्या. दिवसभर नातीशी बोलणारं माणूस तेव्हा लागणार आहे.