स्विच्ड रिलक्टन्स मोटरची वाइंडिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बडोद्यात मकरपुऱ्याला आमचे रिवाइंडिंगचे दुकान आहे. 12 स्टेटर (स्थिर भाग) पोल व 8 रोटर (फिरता भाग) पोल असलेली तीन फेजची स्विच्ड रिलक्टन्स मोटर, म्हणजे स्टेटरच्या कॉइलना आळीपाळीने करंट देऊन लोखंडी रोटर ओढून फिरवणारी मोटर, दुरुस्तीस आली आहे. प्रत्येक फेजच्या चार कॉइल सिरीजमध्ये आहेत. त्या पॅरललमध्ये जोडल्यास मोटरचा जोर वाढेल का?

उत्तर: वाढणार नाही. कॉइल त्याच ठेवून चारही पॅरललमध्ये घेतल्या, तर फेजचा इंडक्टन्स (करंटच्या बदलाला कॉइल करते तो विरोध) आणि रोध सिरीजच्या सोळाव्या हिश्शावर येतात, पण तेवढ्याच टॉर्कसाठी (फिरवणाऱ्या जोरासाठी) ड्राइव्हकडून, म्हणजे फेजना करंट देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटकडून, चौपट करंट घ्यावा लागतो आणि तांब्यातील उष्णता होती तेवढीच राहते. बदलतो तो वेग: त्याच व्होल्टेजवर मोटर सुमारे चौपट वेगापर्यंत पूर्ण टॉर्क देऊ शकते, अर्थात ड्राइव्हमधील स्विच तेवढा करंट सोसणारे असतील तर. हेच गुणधर्म सिरीजमध्ये चौथ्या हिश्शाचे वेढे आणि चौपट छेदाची तार घेऊनही मिळतात.

मग पॅरललचा खरा लाभ कोणता? बेअरिंग झिजून रोटर एका बाजूस सरकला, की सिरीजमध्ये सर्व कॉइलमधून एकच करंट जात असल्याने रोटर व स्टेटरमधील फट जिथे लहान झाली, त्या बाजूचा ओढा वाढतो. पॅरललमध्ये प्रत्येक कॉइलवर व्होल्टेज समान असल्याने फ्लक्सही (चुंबकीय प्रवाह) जवळपास समान राहतो आणि ओढा बराच सावरतो, मात्र मोठ्या फटीकडील कॉइल जास्त करंट घेते व अधिक तापते. दोन-दोनच्या शाखा करायच्या असल्यास समोरासमोरच्या कॉइल एकाच शाखेत ठेवू नयेत, नाहीतर हा लाभ हातचा जातो.

प्रश्न: मी इलेक्ट्रिकल शाखेचा विद्यार्थी आहे. पूर्ण पिचची वाइंडिंग (जिच्या कॉइलच्या दोन बाजू समोरासमोरच्या खाचांत बसतात) एका पोलवरच्या वाइंडिंगपेक्षा सरस मानावी का?

उत्तर: तांब्याच्या उपयोगात ती सरस आहे, कारण 6 स्टेटर व 4 रोटर पोलांच्या मोटरमध्ये एका वेळी तीनपैकी दोन फेज काम करतात आणि टॉर्क मुख्यतः त्यांच्यातील परस्पर इंडक्टन्सच्या (एका फेजचा दुसरीवर होणारा चुंबकीय परिणाम) बदलातून मिळतो. परंतु कॉइल स्टेटरच्या एका बाजूकडून थेट समोरच्या बाजूपर्यंत न्यावी लागल्याने ओव्हरहँग (खाचांबाहेर राहणारा कॉइलचा भाग) लांबतो; कोअर (स्टेटरचा लोखंडी गाभा) आखूड असेल तर बचत तिथेच खर्ची पडते. लांब कोअरच्या, संथ मोटरसाठीच मी ती सुचवीन.

प्रश्न: रिवाइंडिंगनंतर मोटर थरथरते व जोर देत नाही. कॉइल तपासल्या, शॉर्ट नाही.

उत्तर: प्रथम जोडणीची दिशा पाहा. एका फेजला कमी व्होल्टेजचा डीसी देऊन प्रत्येक पोलजवळ होकायंत्र धरा. 8 व 6 पोलांच्या मोटरमध्ये फेजचे समोरासमोरचे पोल उत्तर-दक्षिण हवेत, तर 12 व 8 पोलांच्या मोटरमध्ये फेजचे चार पोल क्रमाने उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे हवेत. एक कॉइल उलटी लागली असेल, तर तिचे सुरुवातीचे व शेवटचे टोक अदलाबदल करावे.