पव्वा म्हणजे एक नव्हे

प्रश्न : डॉक्टरसाहेब, पुण्याले शिकणारी पोरगी दिवाळीत आली अन् माह्या मोबाईलमधे दारू मोजायचं अ‍ॅप टाकून गेली. मी इमानदारीनं भरतो. रोज सांजच्याले देशीचा एक पव्वा, म्हणून एक 'ड्रिंक' लावतो. बाजाराच्या दिवशी दोन. अ‍ॅप हिरवंच दाखवते. बायको म्हणते, अ‍ॅप खोटं बोलते. सकाऊन चहाचा कप धरतानी हात कापतो, पण वय 52 झालं, त्याच्यानं असंल. कोनाचं खरं मानू?
— एक कास्तकार, वणी तालुका

उत्तर : भाऊ, बायकोचं खरं. अ‍ॅपचा मात्र दोष नाही, तुम्ही सांगितलं तेवढंच त्यानं लिहून घेतलं. कापूस विकताना 'एक गाठोडं' म्हणून भाव घेता का? काट्यावरच घालता ना? इथंही तेच करा. पव्व्याच्या लेबलवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 180 मिलीत शुद्ध अल्कोहोल झालं 77 मिली, वजनात साधारण 61 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅमला एक ड्रिंक धरते. म्हणजे तुमचा पव्वा सहा ड्रिंकचा, बाजाराचा दिवस बाराचा. (काही अमेरिकी अ‍ॅप 14 ग्रॅमचं ड्रिंक धरतात, त्यात पव्व्याचे चारच भरतील. दारू तेवढीच.) शरीर तासाला जेमतेम एक ड्रिंक जिरवतं. बाजाराच्या रात्रीची दारू सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेता तेव्हाही अंगात असते.

मोहाची घेत असाल तर हिशेबच सोडा. पहिल्या धारेची वेगळी, शेवटच्या धारेची वेगळी, आणि बाटलीला लेबल नाही.

पण तुमच्या पत्रात मला खरा खटकला तो चहाचा कप. सकाळचा कंप रात्रीची दारू उतरल्याचा असू शकतो. तसं असेल तर हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. रोज एवढी पिणाऱ्यानं अचानक सोडली तर घाम, थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भास होतात. यात माणूस दगावतोही. औषधांच्या आधारानं हे टाळता येतं, सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग गाठा. 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, फुकट नंबरवर मराठीत बोलता येतं.

तोवर अ‍ॅप काढू नका. त्यात आपलं माप भरायची सोय असली तर 180 मिली, 42.8 टक्के टाका. जमत नसेल तर पोरीला फोन लावा. मग आठवड्याचा जो आकडा येईल, हिरवा असो की लाल, तोच डॉक्टरला दाखवा. आणि जाताना बायकोला सोबत न्या. अ‍ॅपमधे राहून गेलेले पव्वे त्यांना तोंडपाठ असतील.